आईसाठी आणलेलं थुनेर (यू) गोव्याच्या पावसात कसं जगवावं?

वईवरची_जाई (डिचोली), १४ जून

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे बरीच वर्षं वाचते आहे, स्वतः धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे वडील सैन्यात होते. लग्नानंतरची पहिली चार वर्षं आई त्यांच्यासोबत गढवालमध्ये राहिली. तिथल्या घरामागे थुनेरची झाडं होती. इंग्रजीत यू म्हणतात ते हेच. गडद हिरवी, बारीक चपट्या पानांची, बारा महिने भरलेली. वडील गेल्यापासून आई त्या झाडांविषयी फार बोलते. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये भावोजी उत्तरेकडून येताना एका पहाडी रोपवाटिकेतून हातभर उंचीची तीन रोपं घेऊन आले. दोन अंगणात तुळशीच्या पलीकडे, सोप्यावर बसलं की समोर दिसतील अशी लावली. तिसरं कुंडीत.

एप्रिल-मे बरा गेला. जुलैत पहिलं रोप पिवळं पडलं, मग तपकिरी. ऑगस्टात दुसरं. उपटायला गेले तर जोरच लावावा लागला नाही. मुळाची साल दोन बोटांत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येत होती आणि आत नुसता पांढरट दोरा उरत होता. वास शेवाळलेल्या तळीचा.

आता कुंडीतलं एकच उरलंय आणि गेल्या आठवड्यापासून त्याचेही शेंडे पिवळे दिसताहेत. कुंडीत तांबडी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. पाणी रोज घालते. कुंडी अंगणातच आहे, पाऊस थेट लागतो.

हे जगवता येईल का? आणि नसेल तर आईला समोर तशीच गर्द हिरवी रांग दिसेल असं इथे काय लावू? आईचं वय ७८ आहे. घरात दोन लहान मुलं, गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

---

कुळागरी (सावई वेरे)

बाय, पहिली गोष्ट आज रात्रीच करा. कुंडी पागोळीच्या आत घ्या, खालची बशी काढून टाका, पाणी बंद. बाकीचं सविस्तर उद्या लिहितो. मूळ सडतंय, उन्हाचा किंवा खताचा प्रश्न नाही.

---

बांज_बुरांस (मडगाव)

जाईताई, मी सहा वर्षं उत्तराखंडात कामाला होते, थुनेरची रानं पायी फिरले आहे. ते झाड कुठं उभं असतं ते आधी सांगते, म्हणजे इथे काय बिघडतंय ते आपोआप कळेल.

थुनेर साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर वाढतं. आपल्या गोव्यातला सर्वांत उंच डोंगर सोंसोगडसुद्धा १२०० मीटरच्या आत. ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, डोंगराच्या उतारावर, कुजलेल्या पाल्याच्या जाड थरात. पाय ठेवला की जमीन गादीसारखी दबते. पाऊस तिथेही भरपूर पडतो, पण पाणी थांबत नाही, पाल्यातून झिरपत खाली निघून जातं. हिवाळ्यात बर्फ. तेव्हा झाड झोपतं, वसंतात नवी पालवी काढतं. आपल्याकडे डिसेंबरातल्या गार रात्रीसुद्धा २० अंशांच्या आसपास. त्याला झोप मिळतच नाही. उन्हाळ्यात ३३ अंश, त्यावर घाम फोडणारी हवा, आणि मग चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. तुमच्या अंगणात उतार नसेल, खाली चिऱ्याचा थर असेल, तर पावसाळाभर मुळं पाण्यात उभी होती.

म्हणून मनापासून सांगते, जमिनीत पुन्हा लावू नका. कुंडीतलं वाचवायचा प्रयत्न मात्र करूया. साधी मातीची कुंडी घ्या, रंग न दिलेली. एक भाग माती, एक भाग चाळलेला, कुजलेला पाला, दोन भाग चिऱ्याची बारीक खडी किंवा नदीची जाड वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. शेणखत अजिबात नको. आजारी मुळाला खत म्हणजे तापात पुरणपोळी. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास, मग सावली. बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी.

आणि ते फार सावकाश वाढतं, वर्षाला काही बोटं. म्हणून वाढत नाही यावर घाबरू नका. शेंड्याची कळी हिरवी आहे का, तेवढं बघत राहा.

---

पेडणेकर_स्विंडन

जाईताई, मी इंग्लंडात राहतो, आमच्या घराच्या मागच्या बाजूला यूचंच कुंपण आहे. युरोपातला यू तुमच्या थुनेरचा सख्खा चुलतभाऊ, पानावरून दोघं वेगळे ओळखणं कठीण. इथल्या जुन्या चर्चच्या आवारांत शेकडो वर्षांचे यू उभे आहेत, काहींची खोडं पोकळ होऊन माणूस आत उभा राहील एवढी.

आम्ही वर्षातून एकदाच, ऑगस्टच्या शेवटाला कातरतो. याची मोठी खुबी म्हणजे जुन्या जाड लाकडावर कापलं तरी तिथून फूट येते. सुरूसारखी दिसणारी बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या लाकडापर्यंत कापली की मरतात, हा परत उभा राहतो. आमच्या आधीच्या मालकांनी एक बाजू पार खोडापर्यंत छाटली होती, तीन वर्षांत ती भरून आली.

पण तुमच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट ही: आमच्या अकरा झाडांपैकी एकच मेलं, आणि ते नेमकं छपराच्या पन्हाळीचं पाणी पडायचं तिथलं. उणे १० अंश थंडी त्यांनी सोसली, साचलेलं पाणी नाही सोसलं. थंड देशात हे होत असेल तर डिचोलीत काय होणार ते ओघानेच आलं.

मी सुट्टीत येताना रोप घेऊन येऊ का, असं विचारायच्या आधीच सांगतो: जिवंत झाडं परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना भारतात आणता येत नाहीत. सामानात लपवून आणणं बरोबरही नाही, मातीतून रोग येतात. बी आणलं तरी ते रुजायला दीड वर्ष किंवा जास्त लागतं, तेही आधी उब मग थंडी असं क्रमाने मिळालं तर.

---

गुरांचा_डॉक्टर (सत्तरी)

मला या धाग्यात एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती सगळ्यांनी नीट वाचावी.

यूचं पान, साल, लाकूड, बी, सगळं विषारी आहे. टॅक्सीन नावाची अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली विषारी द्रव्यं, थेट हृदयावर काम करतात. गाईने घासभर डहाळी खाल्ली तर बऱ्याच वेळा लक्षणं दिसायलाही वेळ मिळत नाही, जनावर उभ्या जागी कोसळतं. यावर ठरावीक उतारा नाही. छाटलेली, वाळलेली पानंसुद्धा तितकीच घातक राहतात. यू असलेल्या देशांत बहुतेक अपघात कुंपण छाटून पाला गोठ्याजवळ टाकल्यामुळे होतात.

मादी झाडाला लाल, वाटीसारखी फळं येतात. तो लाल गर तेवढा बिनविषारी, आतली बी विषारी. मुलांना तो लाल रंग ओढतो. ताई, तुमचं रोप लहान आहे, फळं यायला वर्षं लागतील. पण वासरू मोकळं फिरत असेल तर आजच कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मेलेली दोन रोपं कुठं टाकली? उकिरड्यावर असतील तर काढून पुरून टाका.

आपल्याकडे कण्हेर दारोदार आहे, तिचंही तसंच आहे. कण्हेरीचा पाला गाईला कुणी घालत नाही, कारण आजीनं सांगितलेलं असतं. यूबद्दल सांगणारी आजी गोव्यात नाही, म्हणून मी सांगतो.

---

वईवरची_जाई

डॉक्टर, हात थरथरले वाचून. मेलेली रोपं खरंच गोठ्यामागच्या खतकुंडात होती. आताच काढून, खड्डा करून पुरली. देव बरें करूं.

कुंडी सोप्याच्या कठड्यावर चढवली. बशी काढली तर खाली पेलाभर पाणी होतं.

---

तुळस_मंजिरी (साखळी)

एक शंका. थुनेरलाच तालीसपत्र म्हणतात ना? आमच्याकडे खोकल्याला तालीसादि चूर्ण देतात. मग ही पानं चहात घालता येतील का? पहाडात सालीचा चहा पितात असंही ऐकलंय.

---

बांज_बुरांस

नको. मंजिरीताई, कृपा करून नको.

ही गल्लत जुनी आहे. अधिकृत आयुर्वेदिक औषधकोशातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातला फर, सूचिपर्णीच पण वेगळं झाड. बाजारात मात्र त्याच नावाखाली कधी कधी थुनेरची पानंही विकली जातात. पानं साधारण सारखी दिसतात म्हणून घोटाळा होतो. पहाडात काही भागांत सालीचा चहा पीत आले आहेत हे खरं, पण त्यावरून आपण घरच्या कुंडीतली पानं उकळायची नाहीत. डॉक्टरांनी वर लिहिलंय ते माणसालाही लागू आहे. तालीसादि चूर्ण हवं तर वैद्यांच्या सल्ल्याने, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

---

रसायन_बाई (फोंडा)

यूच्या विषावर बोलणं झालं, तर त्याच झाडाच्या औषधावरही बोलूया. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट दरवर्षी मुलांना सांगते.

कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे टॅक्सॉल, यूच्या सालीतून मिळालं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यूची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली. त्यातला नेमका रेणू वेगळा काढून त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांत मन्सुख वाणी होते, मन्रो वॉल यांच्या सोबतीने. आणि हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५. मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले, नॉर्थ कॅरोलायनात आयुष्यभर संशोधन केलं, २०२० मध्ये वारले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत या औषधाला १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

सालीत औषधाचं प्रमाण अगदी अत्यल्प. सुरुवातीला त्यासाठी झाडंच्या झाडं सोलली गेली, आणि साल काढली की झाड मरतं. पुढे युरोपातल्या यूच्या पानांतल्या एका घटकापासून ते अर्धकृत्रिम पद्धतीने बनवता येऊ लागलं. पानं तर पुन्हा फुटतात. पण तोवर हिमालयातल्या थुनेरचंही खूप नुकसान झालं होतं. आज हिमालयी यू धोक्यात आलेल्या झाडांच्या जागतिक यादीत आहे. म्हणून रानातून उपटलेलं रोप कुणी विकत असेल तर घेऊ नये, रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्यावं.

आता सह्याद्रीशी जोडणारी गोष्ट. याच वाणी आणि वॉल जोडीने १९६६ मध्ये चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं, तेही कर्करोगावरच्या औषधांचं मूळ. तेच द्रव्य आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यात भरपूर आहे. फुलांच्या दुर्गंधीमुळे नरक्या नाव पडलेलं ते लहानसं झाड. त्याची चोरटी तोड इतकी झाली की कितीतरी ठिकाणी ते दिसेनासं झालं. थुनेरच्या वाट्याला आलं तेच आपल्या घाटातल्या झाडाच्या वाट्याला आलं, हे मला वर्गात सांगताना दरवेळी गळा दाटून येतो.

---

कुळागरी

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. जरा लांबेल.

मुळाची साल मोज्यासारखी निघते, हे वाचल्यावर मला माझी पोफळ आठवली. आमच्या सुपारीला पावसात कोळेरोग येतो. कोवळी सुपारी हिरवीच गळते, तिच्यावर पांढरी बुरशी चढते, घोसच्या घोस रिकामा होतो. त्या रोगाचं कूळ फायटोफ्थोरा. यूची मुळं सडवणारेही त्याच कुळातले. हे जंतू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. पाणी साचलं की त्यांना वाट मोकळी. त्यामुळे आम्ही कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी अडवतो ते उन्हाळ्यात, आणि पावसात ते बाहेर काढतो. दोन्ही गोष्टी एकाच पाटाने होत नाहीत, म्हणून पावसाळी चर वेगळे.

सुपारीला पाऊस लागायच्या तोंडाला आणि पुढे ४० ते ४५ दिवसांनी एक टक्का बोर्डो मिश्रण मारतो. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही ओतायचे. लोखंडी भांडं वापरायचं नाही. चकचकीत सुरी किंवा खिळा त्या पाण्यात बुडवून बघायचा, तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. त्याच दिवशी वापरून संपवायचं. कुंडीपुरतं १ लिटर बनवायला दोन्ही १० ग्रॅम. माती बदलल्यावर एकदा थोडं मुळाशी ओता. सडलेली मुळं कातरताना पांढरं, टणक लागेपर्यंत कापा, कात्री दर कापाला पुसा.

आणि अंगणातल्या त्या दोन खड्ड्यांत लगेच दुसरं काही लावू नका. ती माती आता रोगट आहे. रांग लावायची तर दोन हात अलीकडे या, जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच मातीचा बांध घाला, मागे उताराकडे जाणारा चर खणा. गोव्यात कुंपणाची झाडं उन्हाने क्वचित मरतात. मरतात ती जुलैत.

मातीची तपासणी हवी तर जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथे विचारा.

---

दर्यादेगेर (मांद्रे)

यूसारखं दिसणारं झाड हवंय तर पोडोकार्पस लावा. रोपवाटिकांत ‘जपानी यू’ म्हणूनच विकतात, तरी ते यू नाही. फरक पानात: थुनेरचं पान इंचभर, याचं तीन-चार इंच लांब, मधली शीर ठळक. लांबून मात्र तोच गडद, दाट हिरवा रंग.

आमच्या घराला खारा वारा थेट लागतो. नऊ वर्षांची रांग आहे, छातीभर उंच. दोन-अडीच फुटांवर एकेक लावलं होतं. उष्मा सोसतं, दमट हवा सोसतं, मीठ सोसतं. पाणी साचलेलं मात्र यालाही चालत नाही, तेव्हा कुळागरी काकांनी सांगितलेला बांध आणि चर घालाच. मावा आला की पानांवर काजळी धरते, तेव्हा नळीने जोराचं पाणी मारून धुते आणि निंबोळी अर्क फवारते. चुन्याच्या भिंतीलगत लावू नका, पानं पिवळी पडतात. बी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून गुरांपासून हेही लांबच. तरी यूइतकं जहाल नाही.

---

कातळफूल (पेडणे)

पोडोकार्पसला माझा विरोध नाही, पण आपल्या कातळावर, चिऱ्याच्या भेगेत स्वतःहून उगवणारी अंजनी असताना जपानकडे का बघायचं?

अंजनीचं पान जाड, चकचकीत, गडद हिरवं. बारा महिने पानगळ नाही. वाढ सावकाश, थुनेरसारखीच. कातरून घेतली की दाट होते. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांना अगदी चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, पूर्ण फांदीच निळी दिसते. जाईताई, आईंना ते दाखवा. पाऊस तिला नवा नाही, ती इथलीच आहे.

अडचण एवढीच की रोप सहज विकत मिळत नाही. बी गोळा करून रुजवावं लागतं. फळ जांभळं-काळं झालं की तोडून, गर धुऊन, लगेच पेरायचं, वाळवून ठेवायचं नाही.

तोवर पटकन भरणारं हवं तर पिटकुळी (इक्झोरा) लावा, तिला आपली आंबट माती आवडते, आणि फळं मुलं आवडीने खातात. कुंतीही चांगली, फुलांचा वास घरभर. पण लिंबाचं झाड जवळ असेल तर कुंती नको, लिंबाचा रस शोषणारे बारीक सिला किडे तिच्यावर पोसले जातात.

---

दर्यादेगेर

कातळफूल, अंजनीबद्दल मान्य. पण ७८ वर्षांच्या आईला रांग दिसायला हवी आहे. बियांपासून अंजनी छातीभर व्हायला किती वर्षं? मी म्हणते, दोन्ही लावा. पोडोकार्पसची तयार चार-पाच फुटी रोपं आता, मध्ये मध्ये अंजनी.

---

कातळफूल

हे मनाला लागलं. बरोबर आहे तुमचं.

---

वईवरची_जाई, २२ सप्टेंबर

चवथीची गडबड आटोपल्यावर आज सविस्तर लिहिते आहे.

जूनमध्येच कुंडी उलटी केली. मुळांचा अर्धाअधिक भाग तपकिरी होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे पांढरं लागेपर्यंत कापलं, मूठभर उरलं. बांजताईंचं खडीचं मिश्रण, मुळाशी एकदा बोर्डो. जुलैत बरीचशी पानं गळली. आई रोज सकाळी चष्मा लावून शेंड्याची कळी बघायची आणि ‘हिरवी आहे गो’ एवढंच सांगायची. ऑगस्टच्या शेवटी बाजूच्या फांदीवर नखाएवढी तीन पोपटी पानं आली.

तरी मला आता कळलंय की हे झाड इथे नुसतं तग धरेल. भावोजी नोव्हेंबरात पुन्हा वर जाणार आहेत, त्यांच्या ओळखीच्या घराचं अंगण २००० मीटरवर आहे. आईलाच विचारलं. ती म्हणाली, ‘पाठव. त्याला थंडी मिळू दे.’

अंगणात बांध घातला, दीड फूट उंच, मागे चर. पाऊस ओसरल्यावर पोडोकार्पसची सात रोपं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोधणार आहे. बांध घालायला आलेल्या माणसाला आईने सोप्यावरून काठीने रेघ दाखवली, कुठून कुठवर ते.

कातळफूल, अंजनीचं बी मिळेल का तुमच्याकडे?

---

कातळफूल

माझ्याकडे दोन वर्षांची पाच रोपं पिशव्यांत आहेत, गुडघ्याच्या खाली. बियांची वाट कशाला बघता, ती घेऊन जा. येताना आईंना आणा, आमच्या मागच्या कातळावर जुनी अंजनी आहे. फुलायला वेळ आहे, पण पान आता पावसाने धुतलेलं, एकदम गर्द आहे.

---

वईवरची_जाई

येत्या रविवारी आईला घेऊन सकाळी निघते. गुडघे दुखतात तिचे, कातळापर्यंत गाडी जाते का?

---

कातळफूल

पार झाडाखाली जाते.